आधी रेघ, मग लोखंड

ठाण्याचे वर्तकनगर ही आज मुख्यतः राहत्या घरांची वस्ती आहे. पोखरण रस्त्यालगतच्या म्हाडाच्या इमारती, नाक्यावरची गर्दी आणि मागे येऊरचे डोंगर असे तिचे रूप. मात्र या वस्तीला कारखान्यांचा शेजार कायम लाभला. रेमंडची लोकरीची गिरणी ही कधी काळी या परिसराची ओळख होती, आणि पलीकडची वागळे इस्टेट तर राज्याच्या औद्योगिक इतिहासातील एक आरंभस्थान. १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा श्रीगणेशा तेथेच झाला. तेथील मोठे कारखाने एकामागून एक हलले, काही बंद पडले. तरी गाळ्यागाळ्यांतून धातू कापण्याचा उद्योग सुरू राहिला. हाताने चाके फिरवायच्या यंत्रांशेजारी संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी मिलिंग यंत्रे आली आणि कामगाराच्या हाताला पडद्याची जोड मिळाली.

या यंत्रावर काम करणाऱ्याचा एक नेम असतो. पोलादाच्या ठोकळ्याला कटर लागण्यापूर्वी तो पडद्यावर कटरची संपूर्ण वाट पाहून घेतो. हत्यार कुठून उतरेल, कोणत्या कडेने वळेल, किती खोल जाईल, कुठे वर उचलले जाईल, हे सारे रेघांनी आधी दिसते. त्या रेघांत काही विपरीत आढळले, तर तो यंत्र सुरू करीत नाही. पडद्यावरची चूक पुसता येते. पोलादात उतरलेली चूक पुसता येत नाही.

धातूला हात लावण्यापूर्वी रेघेला विचारण्याची ही शिस्त संगणकाने निर्माण केलेली नाही. ती कागद, पट्टी आणि कंपास यांच्या काळापासूनची आहे. महाराष्ट्रात या शिस्तीचा पहिला मोठा साधक कोण, असा प्रश्न केला तर उत्तर लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्यापाशी येऊन थांबते. आणि या माणसाला रेघेकडे वळावे लागले, ते त्याचे डोळे रंगांना पुरे पडले नाहीत म्हणून.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची सर्वसाधारण अपेक्षा. लक्ष्मणाचे मन मात्र पाठांतरात रमत नसे. चित्रे काढावीत आणि यंत्रे खोलून पाहावीत, हे त्याचे दोन छंद. वडील बंधू रामचंद्रपंत, म्हणजे सर्वांचे रामूअण्णा, यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला आणि पैशाचे पाठबळ दिले. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाले.

दोन वर्षे शिक्षण नीट चालले. त्यानंतर एक गोष्ट उघड झाली, जी चित्रकाराच्या आयुष्यात यापेक्षा कठोर असू शकत नाही. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद कळत नव्हता. रंगांधत्व अभ्यासाने जात नाही आणि चिकाटीने हटत नाही. ज्या कलेसाठी घर सोडले, भावाचे पैसे खर्च केले, ती कला डोळ्यांनीच नाकारली. अठरा वर्षांच्या तरुणाने परत गावी जाणे, हा अशा वेळी सोपा मार्ग होता.

लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, परंतु रेखन सोडले नाही. त्याच कलाशाळेत त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास सुरू केला. यंत्राच्या आराखड्यात रंगाला जवळजवळ काही काम नसते. तेथे अर्थ सांगितला जातो तो रेघेच्या जातीने. डोळ्यांना दिसणारी कड अखंड रेघेने दाखवायची, आड दडलेली कड तुटक रेघेने, आणि मध्यरेषा दाखवायची ती एक लांब, एक आखूड अशा साखळीने. एकच वस्तू वरून, समोरून आणि बाजूने अशी तीनदा काढायची आणि तिन्ही चित्रांचा मेळ मनात घालून तिचे पूर्ण रूप उभे करायचे. ज्याच्या डोळ्यांना लाल-हिरव्याचा भरवसा नाही, त्यालाही ही भाषा संपूर्ण वाचता येते. कलेच्या दालनात अपुरे ठरलेले डोळे यंत्राच्या दालनात पुरेसे ठरले.

भायखळ्याला तेव्हा नुकतीच सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था, तेथे त्यांना यांत्रिक रेखन शिकविण्याची नोकरी मिळाली. विद्यार्थ्यांना आराखडे काढावयास शिकवावे आणि उरलेल्या वेळात कार्यशाळेत यंत्रांवर हात चालवावा, असा त्यांचा क्रम होता. आराखड्यातली रेघ आणि प्रत्यक्ष लोखंडात निघालेली कड या दोहोंत किती अंतर राहते, हे त्यांना याच वर्षांत उमगले असले पाहिजे. केवळ कागदावर काम करणाऱ्याला ते अंतर दिसत नाही. केवळ यंत्रावर काम करणाऱ्याला त्याचे कारण सापडत नाही. लक्ष्मणराव दोन्हीकडे वावरत होते.

याच काळात सायकल ही नवलाईची वस्तू बाजारात आली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला पंधरा रुपयांत चालवावयास शिकवीत. बेळगावच्या त्या दुकानावर दोघा भावांच्या नावाची पाटी लागली. १८८८ हे किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते, ते या लहानशा व्यवसायामुळे. पुढे शिक्षणसंस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाली. गुणांची कदर जेथे जन्मावरून होते तेथे थांबण्यात त्यांना अर्थ दिसला नाही. राजीनामा देऊन ते बेळगावला परतले.

बेळगावात त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली. सायकलदुरुस्तीने पोट भरत होते, परंतु त्यांची नजर शेतकऱ्याच्या गोठ्याकडे आणि बांधाकडे लागली होती. कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांच्या पहिल्या उत्पादनांपैकी एक. अखंड कडबा जनावरे अर्धामुर्धा टाकून देतात; बारीक कापून घातला तर वाया जात नाही. हिशेब साधा होता आणि तो शेतकऱ्याला पटण्यासारखा होता. त्यानंतर त्यांनी हाती घेतला तो लोखंडी नांगर. १९०३ सालापर्यंत तो तयार झाला.

नांगर हे यंत्रविद्येच्या दृष्टीने कापण्याचे हत्यारच आहे. शेत हा त्याचा ठोकळा आणि तास ही त्याची वाट. फाळ कोणत्या कोनात मातीत शिरतो, किती खोल जातो, कापलेली ढेप कोणत्या बाजूला उलटते, आणि बैलांवर किती ओढ पडते, हे सारे आकारावर अवलंबून असते. आपल्याकडचा लाकडी नांगर माती उकरी. ती पालथी करीत नसे. दख्खनच्या काळ्या रानात हरळी आणि कुंद्याची मुळे खोलवर जाळे विणून बसतात. ती उपटून वर आणायची तर मातीचा थर उलटणारा नांगर हवा. परदेशी बनावटीचे असे नांगर उपलब्ध होते. तशाच तोडीचा नांगर येथे, येथल्या माणसांनी, येथल्या मातीसाठी घडवावा, ही लक्ष्मणरावांची ईर्ष्या होती.

त्याची घडण कागदावरून लोखंडात उतरविण्याची पद्धत आजच्या वाचकाने समजून घेण्यासारखी आहे. आधी आराखडा. आराखड्यावरून लाकडाचा हुबेहूब नमुना. तो ओतशाळेतील वाळूत दाबून साचा. साच्यात वितळलेले बीड. येथे एक खोच असते. बीड थंड होताना आक्रसते, म्हणून लाकडी नमुना हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. आराखड्यातले माप आणि नमुन्याचे माप जाणूनबुजून वेगळे ठेवावे लागते. कोणता आकडा कशासाठी आहे, हे ज्याला उमगत नाही त्याच्या हातून सुंदर रेखाटलेला, परंतु जोडता न येणारा नांगर निघतो.

नांगर तयार झाला आणि कसोटी सुरू झाली. शेतकरी तो घेईनात. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत सर्वदूर होती. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगराने कसलेली जमीन ही त्यांची एकमेव पुंजी. एका अनोळखी कारागिराच्या शब्दाखातर ती पणाला कोण लावणार? पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे लोखंड, कोळसा आणि मजुरी यांचा खर्च चढत होता आणि कार्यशाळेत तयार नांगर पडून होते.

या दोन वर्षांचे मर्म एवढ्यातच आहे की लक्ष्मणरावांच्या आराखड्यात चूक नव्हती, पण आराखड्यात सारे काही नव्हते. मातीची जात, बैलांची ताकद, शेतकऱ्याचे भय आणि त्याची ऐपत या गोष्टी कागदावर कोणत्याही रेघेने काढता येत नाहीत. शेतकरी अडाणी आहे, असे म्हणून त्यांना हात झटकता आले असते. त्यांनी तसे केले नाही. नांगर शेतावर चालवून दाखवावा, निघालेला तास शेतकऱ्याला डोळ्यांनी पाहू द्यावा, हा मार्ग त्यांनी धरला. उलटलेली ढेप आणि उपटून आलेली हरळी ही त्या शेतकऱ्यासाठी दाखवणीच होती. आपल्या रानात काय घडणार, याची खात्री त्याला खर्चापूर्वी हवी होती. ती मिळाल्यावर नांगर खपू लागला.

वागळे इस्टेटमधील सीएनसी यंत्रासमोर उभ्या असलेल्या तरुणाची अडचण याच जातीची असते. पडद्यावर हत्यार दिसत नाही, किंवा दिसते पण भलत्याच मापाचे. वाट ठोकळ्याच्या बाहेरून जाते. सरळ कोपऱ्याच्या जागी पडदाभर पसरलेले अवाढव्य वर्तुळ उमटते. नवशिक्याला वाटते, सॉफ्टवेअर बिघडले. क्वचित तसे असतेही. संगणकाचा चित्रदर्शक भाग जुना असला तर चित्र अडते. परंतु बहुतेक वेळा दोष सांगणाऱ्याच्या सांगण्यात असतो. हत्यारांच्या यादीत कटरचा व्यास भरलेलाच नसला, तर पडद्यावर केवळ मध्यरेषा दिसते, हत्यार दिसत नाही. माप मिलिमीटरचे आणि यंत्राची समजूत इंचाची असली, तर सारे चित्र २५.४ पटींनी फुगते किंवा आकसते. ठोकळ्याचा शून्यबिंदू एका कोपऱ्यावर धरला आणि आज्ञावली दुसऱ्या कोपऱ्यावरून लिहिली, तर वाट हवेतच फिरते. कमानीचा मध्यबिंदू किंवा तिचे प्रतल चुकीचे सांगितले, तर ते अवाढव्य वर्तुळ उमटते.

याहून धोक्याची असते ती बिनचूक दिसणारी दाखवणी. कटरची लांबी व त्याला धरणारा होल्डर यांची मापे भरलेली नसतील, तर पडद्यावर वाट निर्वेध दिसते आणि प्रत्यक्षात होल्डर क्लॅम्पवर आदळतो. पडद्याला क्लॅम्प ठाऊकच नसतो. म्हणून जाणता कारागीर दाखवणी पाहून झाल्यावरही हत्यार ठोकळ्याच्या वर हवेत फिरवून पाहतो आणि पहिला जॉब संथ गतीने, बोट थांबविण्याच्या बटणापाशी ठेवून काढतो. कागदावरचा नांगर बांधावर नेऊन चालविण्याचीच ही रीत आहे.

लक्ष्मणरावांचा जम बेळगावात बसत असतानाच शहराच्या विस्तारासाठी कार्यशाळेची जागा सोडण्याची पाळी आली. उभा केलेला पसारा उचलून न्यायचा कुठे, हा प्रश्न होता. या वेळी धावून आले औंध संस्थानचे अधिपती भवानराव उपाख्य बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे आश्रयदाते. रंगांनी नाकारलेल्या चित्रकाराला एका चित्रकार राजाने थारा द्यावा, हा योगायोग विलक्षण खरा. संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाणी दुर्मीळ, साप मुबलक. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

परदेशांत कारखान्यांभोवती वसविलेल्या नगरांविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. माळरानाकडे पाहताना त्यांना रस्ते, घरे, झाडे आणि शाळा दिसत होत्या. सोबतीला आलेली माणसेही त्यांनी अशाच नजरेने पारखलेली. हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शिक्षण अर्धवट सोडलेले परंतु यंत्रात हुशार असलेले अनंतराव फळणीकर, यंत्रकामात साथ देणारे शंभूअण्णा जांभेकर, आणि व्यवस्था पाहणारे रामूअण्णा. पदवी कोणती, यापेक्षा हात काय करू शकतो, याला तेथे मोल होते. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांनी चोरीच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगली होती. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वसाहतीची रात्रीची राखण दिली, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यता त्यांना मान्य नव्हती. वाडीत ती पाळण्यास बंदी होती. १९१० च्या दशकातील दक्षिण महाराष्ट्रात हा निर्णय घेणे म्हणजे आप्तस्वकीयांचा रोष ओढवून घेणे होते.

वाडी स्थिरावते न स्थिरावते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. बाहेरून येणारे लोखंड आणि कोळसा यांची टंचाई झाली. नांगराला मागणी होती आणि भट्टीत घालावयास धातू नव्हता. अशा वेळी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मदतीला आले. किल्ल्यावर निकामी पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी दिल्या, आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. बेळगावात ज्याच्याकडे लोक संशयाने पाहत होते, तो नांगर आता संस्थानाच्या गरजेची वस्तू झाला होता.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घराघरांत पोहोचले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही त्याची भावंडे. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप असा उत्पादनांचा विस्तार होत गेला. १९२६ साली वाडीत भारतातील पहिला केंद्रोत्सारी पंप तयार झाला. विहिरीवरच्या मोटेला पर्याय देणारे हे यंत्र होते.

त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले. बापाला ज्या विद्येसाठी तुकड्यातुकड्यांनी धडपडावे लागले, ती मुलाला तिच्या मोठ्या विद्यापीठात मिळाली. परंतु शेतीची अवजारे आणि पंप बनवून थांबण्यात देशाचे हित नव्हते. ती अवजारे ज्या यंत्रांवर घडतात ती यंत्रे परदेशांतूनच येत होती. जो देश लेथ बनवू शकत नाही, त्याचा प्रत्येक कारखाना दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो. दुसऱ्या महायुद्धाने हे सर्वांच्या ध्यानात आणून दिले. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली आणि तेथे लेथ तयार होऊ लागले. आज ती कंपनी चालू नाही. तिचे लेथ मात्र पुढे देशातील असंख्य लहान कार्यशाळांत आणि प्रशिक्षण संस्थांत पोहोचले. टर्नरांच्या अनेक पिढ्यांनी त्यांच्यावर पहिली शेव काढली.

ज्या अमेरिकन संस्थेत शंतनुराव शिकले, तेथेच १९५२ साली आजच्या सीएनसी यंत्राचा पूर्वज दाखविला गेला. हेलिकॉप्टरची पाती अचूक बनविण्यासाठी जॉन पार्सन्स यांनी वाटेवरचे बिंदू गणिताने काढून यंत्राला पुरविण्याची कल्पना मांडली होती. त्या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने तिला आकार दिला आणि छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे मिलिंग यंत्र सिद्ध केले. त्या आरंभीच्या काळात पडद्यावर वाट पाहण्याची सोय नव्हती. फीत बरोबर आहे का, हे पडताळण्यासाठी हत्याराच्या जागी लेखणी बसवून वाट कागदावर काढून पाहिली जाई, नाहीतर पोलादाऐवजी लाकूड किंवा मेण यांसारखा मऊ पदार्थ कापून पाहिला जाई. आराखडा, लाकडी नमुना आणि मग धातू, हा किर्लोस्करवाडीचा क्रम सर्वांत आधुनिक यंत्रालाही चुकला नाही.

लक्ष्मणरावांचा उत्तरकाळ सर्वस्वी सुखाचा गेला नाही. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचीही होळी झाली. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. निवडुंग उपटून जे उभे केले ते आगीत पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली. ज्या वाडीत त्यांनी जातिभेदाला जागा ठेवली नव्हती, तिलाच जातीच्या रागाची झळ बसावी, हा दैवाचा घाव होता. कारखाना पुन्हा उभा राहिला. पुण्यातील तेल इंजिनांचा आणि बंगळूरमधील विद्युत यंत्रांचा असे किर्लोस्करांचे दोन नवे उद्योग १९४६ सालीच सुरू झाले होते; त्यांचा विस्तार होताना त्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

लक्ष्मणरावांच्या चरित्राकडे यशाची कहाणी म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. नांगर, वाडी, कंपनी, कीर्ती अशा पायऱ्या मोजल्या जातात. परंतु या चरित्राचा कणा एका सवयीत आहे. आपल्याला काय दिसत नाही, हे त्यांना तरुणपणीच निश्चितपणे कळले होते. ज्याला स्वतःच्या दृष्टीचा दोष ठाऊक असतो, तो पाहिलेल्यावर आंधळा विश्वास ठेवीत नाही. तो मोजतो, काढून बघतो, दुसऱ्याला दाखवतो आणि मग धातूला हात घालतो. आराखड्याबाहेर उरलेल्या गोष्टी शोधण्यासाठी शेतकऱ्याच्या बांधावर जाण्याचा कमीपणा त्याला वाटत नाही.

लक्ष्मणराव वर्तकनगरच्या शेजारच्या एखाद्या गाळ्यात आज उभे असते, तर पडद्यावरचे चित्र त्यांना काहीसे अडचणीचे गेले असते. तेथे हत्याराची हवेतली झेप एका रंगात आणि कापणारी चाल दुसऱ्या रंगात दाखविण्याची रीत आहे. रंगांचा तो भेद त्यांच्या डोळ्यांनी कदाचित टिपला नसता. त्यांनी रेघेची जात पाहिली असती, मापांची यादी एकेक करून तपासली असती आणि पहिला जॉब निघेपर्यंत यंत्रापाशी उभे राहिले असते. पाळी सुरू होताना पडद्याकडे पाहणारा तरुण नेमके हेच करतो तेव्हा तो भायखळ्याच्या त्या रेखनशिक्षकाचाच पाठ गिरवत असतो.